रंगावरून प्रारणाचे मोजमाप

जयपूरच्या जवाहिऱ्यांकडे निळ्या टोपाझचे खडे मिळतात. त्यांतील बहुतेक खडे खाणीतून निघतात तेव्हा बिनरंगी असतात. प्रारणांचा मारा आणि मागाहून दिलेली उष्णता यांमुळे त्यांवर निळाई चढते. प्रारणाने रंग पालटतो, हा गुण जवाहिऱ्याला शोभेसाठी हवा असतो, तर शास्त्रज्ञाला मोजमापासाठी.

मुंबईत ट्रॉम्बे येथे १९७४ साली ‘आयसोमेड’ केंद्र सुरू झाले. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी तेथे वैद्यकीय साहित्य बंद वेष्टनातच निर्जंतुक होऊ लागले. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे होय. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून शंभर ग्रेहूनही कमी मात्रा पुरते. लासलगावला २००२ पासून त्यासाठी केंद्र आहे. निर्जंतुकीकरणास मात्र सामान्यतः २५,००० ग्रे लागतात. इतक्या मात्रेनेही पाणी तापते ते जेमतेम सहा अंशांनी! म्हणजे खोके किरणांखालून गेले की नाही, हे हाताला वा डोळ्याला कळत नाही. मात्रा कमी पडली तर जंतू उरतात. अतोनात झाली तर प्लॅस्टिक ठिसूळ होते.

येथे रंजकयुक्त बहुवारिकाची पातळ फीत साहाय्यास येते. नायलॉनच्या एका फितीत रंजकाचे रंगहीन रूप मिसळलेले असते. त्याच्या रेणूला सायनाइड गट जोडलेला असतो. किरणांच्या ऊर्जेने तो सुटतो आणि फीत निळी होते. उलट, पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या काही फितींत आधीच रंग असतो व प्रारणाने तो फिका पडतो. फितीतून विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश सोडून किती शोषला गेला हे पाहतात, जाडीचा हिशेब करतात आणि प्रमाणित मात्रांशी ताडून आकडा ठरवतात.

फीत खोक्यात ठेवायची ती जेथे मात्रा सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक पोचते तेथे. ऊन, दमटपणा व उष्णता यांनीही रंग बदलू शकतो. म्हणून ती मोहरबंद पाकिटात जपावी लागते. खोक्यावरची पिवळ्याची लाल होणारी खूण फक्त ‘किरण लागले’ एवढेच सांगते. किती लागले, हे फीतच सांगते. शिवाय कोबाल्टचे तेज सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे होते, म्हणून किरणांखालचा अवधी वाढवत न्यावा लागतो. तो पुरेसा वाढवला आहे की नाही, याची साक्षही फीतच देते. शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्णाचा भरवसा अशा बोटभर फितीच्या रंगावर विसंबलेला असतो.