सूर्य जवळ येत नाही, डोक्यावर येतो!

रात्री जेवताना धाकट्याने विचारले, "बाबा, उन्हाळ्यात ऊन इतकं का तापतं?" आम्ही घास गिळता गिळता सांगून टाकले, "अरे, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो." पोराने तेच चाचणी परीक्षेत लिहिले आणि त्याचा गुण गेला. पेपर आमच्यापुढे ठेवून तो काहीच बोलला नाही. पण आम्हाला मात्र झोप लागली नाही. बापाला ठाऊक नाही म्हणून मुलाने चुकावे, हे बरे नव्हे. आम्ही थोरलीचे भूगोलाचे पुस्तक उघडले. वाचकहो, त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात! तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते १५ कोटी २१ लाख होते. म्हणजे आपण गोधडी पांघरून बसतो, तेव्हाच सूर्य जवळ असतो. मग थंडी का?

उत्तर घरातच मिळाले. आम्ही अंधारात बॅटरी सरळ जमिनीवर धरली. लहान, लख्ख गोल पडला. तीच बॅटरी तिरपी केली, तर डाग लांबट आणि फिकट झाला. उजेड तेवढाच, पण तो जास्त जागेवर वाटला गेला. सूर्याचेही तसेच. तो डोक्यावर असताना एका फरशीला जितकी उष्णता मिळते, तिच्या निम्मीच तो क्षितिजापासून ३० अंशांवर असताना मिळते. शिवाय तिरप्या किरणांना हवेतून लांबचा पल्ला गाठावा लागतो, त्यात आणखी काही ताकद जाते.

पृथ्वी गोल, म्हणून विषुववृत्ताजवळ किरण सरळ पडतात आणि ध्रुवांकडे तिरपे होत जातात. त्यातच पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षभरात कर्कवृत्त ते मकरवृत्त अशी ये-जा करताना दिसतो.

आता दोन शहरे घ्या. मुंबई १९ अंश उत्तरेला, लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही मुंबईत सूर्य सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो, लंडनला जेमतेम १५. मुंबईचा दिवस ११ तासांचा, तिथला आठाच्या आत. आणखी वर, नॉर्वेतील ट्रॉम्सो गावी तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. जूनमध्ये उलटे होते. लंडनला साडेसोळा तासांचा दिवस, आपल्याला सव्वातेरा.

आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. कोल्हापुरात सुमारे ७ मे, मुंबईत १६ मे, नागपुरात २६ मे. परतीच्या वाटेवर तो जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. दिल्लीकरांना मात्र हा दिवस कधीच लाभत नाही. अर्थात उष्णता केवळ अक्षांशावर ठरत नाही. मुंबईला समुद्र सांभाळतो, नागपूर भाजून निघते.

हे समजून आपल्याला काय मिळणार, असे कोणी म्हणेल. आज पुष्कळ घरांवर विजेची सौर पाटी बसू लागली आहे. पाटी दक्षिणेकडे तोंड करून, गावाच्या अक्षांशाइतकी तिरकी हवी. मुंबईत सुमारे १९ अंश, नागपुरात २१. बसवणारा सोयीसाठी ती भलत्याच दिशेला किंवा टाकीच्या सावलीत ठेवू लागला, तर आपण त्याला विचारू शकतो. घामाचा पैसा आहे, विचारलेच पाहिजे. आणखी एक गोष्ट. जर्मनी आपल्याहून कितीतरी उत्तरेला आहे. तिथे एक किलोवॉटची पाटी वर्षाला साधारण १००० युनिट देते, आपल्याकडे त्याहून बऱ्याच जास्त. तरीही २०१५ मध्ये चीन पुढे जाईपर्यंत अनेक वर्षे सौरविजेत जर्मनीच जगात पुढे होता. ऊन असून भागत नाही, ते वापरण्याचे ज्ञानही लागते.

मायबापांनो, येत्या मे महिन्यात एक करा. गच्चीवर किंवा अंगणात एक काठी ओळंबा लावून सरळ उभी करा आणि मुलांना सावली मोजू द्या. घड्याळातले बारा धरू नका. सूर्याची मध्यान्ह मुंबईत साडेबाराच्या थोडी पुढे आणि नागपुरात बारा-दहाच्या सुमारास होते. सूर्याकडे थेट पाहू नका, सावलीकडेच पाहा.

आम्ही हे केले. काठीची सावली बुडाशी विरून गेली, तेव्हा धाकटा ओरडला, "बाबा, सूर्य जवळ नाही, वर आलाय!" गेलेला गुण काही परत मिळाला नाही. पण त्या दिवशी बाप-लेक दोघेही पास झालो.