हद्दवाढीत वस्तीचा आवाज

गाव शहरात गेले की आपला माणूस सुटला, असे मीही मानत होतो. बाबासाहेबांनी १९४८ साली संविधान सभेत गावाविषयी जे सुनावले, ते माझ्या बापाने अंगावर भोगले होते. पण पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली, तेव्हा काय झाले? ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. ७३व्या घटनादुरुस्तीने तिथे प्रत्येक मतदाराला बसवले होते. (बसू किती जणांना दिले, हा वेगळा लेख!) ७४व्या दुरुस्तीने शहराला प्रभाग समिती दिली, तीत नगरसेवक बसतात, मतदार नव्हे. मार्च २०२२ मध्ये तर महापालिकेवर प्रशासकच आला. वस्तीने नळाचा जाब विचारायचा कुणाला? महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती भरवायला कार्यकर्त्यांनी भाग पाडावे.