झोंबले म्हणजे गुण आला?

मिरचीतल्या कॅप्सेसिनची ८ टक्क्यांची पट्टी अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये नागिणीनंतर मागे राहणाऱ्या मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी मान्य केली. मधुमेहामुळे पावलांत होणाऱ्या अशाच वेदनेसाठी २०२० मध्ये परवानगी मिळाली. लावायच्या औषधांविषयीचे काही समज या पट्टीच्या निमित्ताने तपासून पाहू.

गैरसमज : जितके झोंबेल, तितका गुण.
वस्तुस्थिती : कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ या उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवते, म्हणून आग होते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. आराम मात्र या आगीमुळे पडत नाही. तीव्र मात्रेमुळे त्वचेतली मज्जातंतूंची टोके काही काळ निकामी होतात, म्हणून वेदना कमी होते. ती टोके पुन्हा वाढतात. पावलांवर पट्टी अर्धा तासच ठेवतात, तीही वैद्यकीय देखरेखीखाली, आणि पुढची किमान तीन महिन्यांनी.

गैरसमज : बरे वाटले, म्हणजे औषध सिद्ध झाले.
वस्तुस्थिती : गुडघ्याच्या संधिवातात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे जेल लावणाऱ्या दहापैकी साधारण सहा जणांना चांगला आराम पडतो, औषध नसलेले जेल लावणाऱ्या दहापैकी पाच जणांनाही पडतो! औषधाचे श्रेय त्या फरकापुरतेच. कॅप्सेसिनच्या चाचण्यांतली अडचण आणखी वेगळी होती. खरी पट्टी कोणती, हे झोंबण्यावरूनच कळले असते. म्हणून अनेक चाचण्यांत तुलनेच्या पट्टीतही ०.०४ टक्के कॅप्सेसिन घातले गेले.

गैरसमज : पोटात जात नाही, म्हणून बाधत नाही.
वस्तुस्थिती : डायक्लोफेनॅक जेल लावल्यावर गोळीच्या मानाने फारच कमी औषध रक्तात उतरते, पण उतरते. अनेक बामांत असलेले मिथाइल सॅलिसिलेट, वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते. लहान मुलाने हेच द्रव्य असलेले विंटरग्रीनचे तेल चमचाभर गिळले तरी जिवावर बेतू शकते.

गैरसमज : गुणकारी रेणू सापडला, की मलम तयार.
वस्तुस्थिती : त्वचेचा बाहेरचा थर केसापेक्षा पातळ असला, तरी मोठ्या रेणूंना सहसा आत येऊ देत नाही. वेदना थांबवण्यासाठी टीआरपीव्ही-१ ला अडवणारी काही औषधे पोटातून दिल्यावर शरीराचे तापमान वाढले. एका चाचणीत ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत गेले. अशी औषधे त्वचेवरून देण्याचा विचार त्यामुळेच आकर्षक वाटतो. पण रेणू दुखऱ्या जागी पुरेसा पोहोचतो का आणि रक्तात किती मिसळतो, हे दोन्ही आधी मोजून दाखवावे लागते.