रक्तातील चरबीच्या होड्या

आमटीवर तुपाची धार सोडली की तिचा तवंग वरच तरंगत राहतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मग बहुतांशी पाणीच असलेल्या रक्तातून चरबी शरीरभर पोहोचते तरी कशी? त्यासाठी निसर्गाने इवल्याशा होड्याच घडविल्या आहेत. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. त्यांपैकी एलडीएल नावाचा कण सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या गाभ्यात कोलेस्टेरॉलच्या संयुगाचे सुमारे दीड हजार रेणू, भोवती फॉस्फोलिपिडांचे पातळ वेष्टन आणि त्या वेष्टनास कवळून बसलेला प्रथिनाचा एकच प्रचंड रेणू. हे प्रथिन म्हणजे मालावरील पत्त्याची चिठ्ठीच होय. ती वाचणारा, पेशीच्या दाराशी बसलेला ग्राहकरेणू अमेरिकेतील डलास येथे मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधला, आणि १९८५ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. (कोलेस्टेरॉलचे नाव ऐकताच दचकण्याचे कारण नाही, त्यावाचून पेशींची आवरणेच उभी राहणार नाहीत.)

कर्करोगावरील कित्येक औषधे पाण्यात विरघळत नाहीत, आणि शिरेवाटे दिली असता निरोगी अवयवांनाही पोळतात. काही कर्कपेशी मात्र झपाट्याने वाढताना एलडीएल अधिक गिळतात. तेव्हा औषध याच होडीत का भरू नये? कणाचा गाभा रिकामा करून त्यात दुसरा स्निग्ध पदार्थ भरता येतो, हे १९७८ च्या सुमारास दिसूनही आले. परंतु हे कण मानवी रक्तातूनच काढावे लागतात. शिवाय तेच ग्राहकरेणू यकृतातही विपुल असल्याने बराचसा माल तिकडेच उतरतो.

पुढे ही अडचणच उपयोगी पडली. एका आनुवंशिक रोगात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन बिघडते व मज्जातंतूंत आणि हृदयात साचते. रोग्याचे पाय बधिर होतात, चालणे कठीण होते. त्यावरील पॅटिसिरान या औषधास अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यात आरएनए हा माल चरबीच्या कृत्रिम कणात भरलेला असतो. कण रक्तात उतरताच अपोलायपोप्रोटीन-ई हे रक्तातलेच प्रथिन त्यावर आपण होऊन चिकटते, आणि यकृताची पेशी घरचाच माल समजून त्यास आत घेते. आत गेलेला आरएनए त्या प्रथिनाची घडणच थोपवितो. औषध दर तीन आठवड्यांनी शिरेवाटे द्यावे लागते. मात्र अ जीवनसत्त्व रक्तातून नेण्याच्या कामीही त्याच प्रथिनाचे साहाय्य असते. म्हणून रोग्यास ते जीवनसत्त्व निराळे घ्यावे लागते.