गोत्राची वही आणि जनुकांची वही

व्यापारी समाजात सोयरीक जुळविताना घराणे, गोत्र आणि व्यवहार या गोष्टी बारकाईने पाहिल्या जातात. सगोत्र विवाह करावयाचा नाही, हा दंडक कित्येक पिढ्यांनी निष्ठेने पाळला. रक्ताचे नाते टाळावे, हा त्यामागील विचार योग्यच होता. परंतु गोत्र केवळ पित्याकडून चालते. जनुके मात्र माता व पिता या दोघांकडून येतात. म्हणूनच गोत्रे भिन्न असूनही विवाह पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजात होत राहिले, तर एखाद्या दूरच्या पूर्वजाचा सदोष वारसा वधू व वर या दोघांकडेही आलेला असू शकतो.

अग्रवाल समाजाच्या बाबतीत ही गोष्ट संशोधनाने दाखवून दिली आहे. या समाजात वैष्णव कुटुंबांप्रमाणेच जैन कुटुंबेही आहेत. कॅल्पेनोपॅथी नावाच्या स्नायुविकाराचे रुग्ण येथे विशेष आढळतात, याकडे मुंबईतील मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी या समाजातील रुग्णांमध्ये कॅल्पेन-३ या जनुकातील दोन विशिष्ट दोष नोंदविले. हे दोष समान पूर्वजांकडून चालत आले आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पंधराव्या गुणसूत्रावरील या जनुकाचा आणि या विकाराचा संबंध फ्रान्समधील संशोधकांनी १९९५ साली उघड केला होता. स्नायूंतील जीर्ण भाग काढून नव्याची मांडणी करण्यास साहाय्य करणारे प्रथिन या जनुकामुळे तयार होते. ते प्रथिन नीट काम करीनासे झाले की कंबर व खांदे यांभोवतालचे स्नायू हळूहळू क्षीण होत जातात. शाळकरी वयात किंवा तारुण्यात जिना चढणे, जमिनीवरून उठणे कठीण होऊ लागते. बुद्धीवर परिणाम होत नाही आणि हृदय बहुधा सुरक्षित राहते. स्नायूंची झीज झाल्याने रक्तातील एसजीओटी व एसजीपीटी वाढतात. त्यामुळे पुष्कळदा यकृताचा विकार समजून उपचार होतात आणि मोलाची वर्षे निघून जातात. सीपीके ही साधी रक्ततपासणी वेळीच केल्यास मूळ स्नायूंत असल्याचा संशय येतो.

या आजाराचा हिशेब संयुक्त खात्यासारखा आहे. दोघांच्या सह्या झाल्याखेरीज धनादेश वटत नाही; त्याचप्रमाणे माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक आल्याखेरीज बहुधा आजार होत नाही. एकच सदोष प्रत असणारी व्यक्ती वाहक असते, रुग्ण नव्हे. ती आयुष्यभर निरोगी राहते. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. अशा घरात सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावला जातो, तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. या खात्यात दोन्ही घरांची जमा सारखीच असते.

अमेरिकेतील ज्यू समाजाने अशाच प्रश्नावर मार्ग काढला. टे-सॅक्स या बालकांच्या प्राणघातक आजारासाठी तेथे १९७१ पासून वाहक-तपासणी सुरू झाली. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये राब्बाय जोसेफ एकस्टाईन यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था स्थापन केली. त्यांनी स्वतःची चार मुले या आजारात गमावली होती. संस्थेत तपासणी नावाने नव्हे, तर क्रमांकाने होते. दोन क्रमांक कळविले की ही जोडी अनुरूप आहे किंवा नाही, एवढेच सांगितले जाते. त्यामुळे कोणावर कलंकाचा शिक्का बसत नाही. तपासणीच्या या प्रसारामुळे अमेरिका व कॅनडा येथील ज्यू समाजात टे-सॅक्सचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले.

कॅल्पेनोपॅथी पूर्णपणे बरी करणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून माहितीचे मोल मोठे आहे. घरात रुग्ण असेल, तर प्रथम त्याची जनुकीय तपासणी करून नेमका दोष निश्चित करावा. त्यानंतर भावंडांनी व विवाहयोग्य नातेवाइकांनी समुपदेशकाच्या सल्ल्याने तपासणी करून घ्यावी. सोयरिकीच्या भीतीने आजार झाकून ठेवणारे कुटुंब स्वतःच्याच पुढील पिढीवर कर्ज लिहून ठेवते. भागीदारीपूर्वी वही उघडून दाखविण्यात व्यापाऱ्याने कधी कमीपणा मानला नाही. विवाहापूर्वी ही दुसरी वही पाहण्यातही तो मानण्याचे कारण नाही.