स्मृतीपलीकडची आई

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट नोएडातील घरी आईच्या शेजारी बसून पाहिला. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) लेकीच्या मोटारीतून उतरतात आणि बालकाच्या कुतूहलाने हत्तीमागे चालू लागतात. माहुताची कन्नडभाषक पत्नी चन्नम्मा त्यांना मायेने सांभाळते. तिच्यात त्यांना आईच गवसते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

सही न जुळल्याने परत करावे लागणारे धनादेश आम्हा बँक अधिकाऱ्यांना नवे नाहीत. परंतु एके दिवशी माझ्या आईलाच स्वतःची सही आठवेना. पुढे तिने मला ‘आई’ अशी हाक मारली, तेव्हा मी चिडून तिची चूक दुरुस्त केली होती. चन्नम्मा अशी दुरुस्ती करीत नाही. शास्त्रीबुवांचे शास्त्र तिला ठाऊक नसते; त्यांची भूक मात्र कळते.

चित्रपट संपला. आईने पुन्हा तीच हाक मारली. या वेळी मी ‘ओ’ दिली. गोंधळलेले ज्येष्ठ ग्राहक समोर आले की हल्ली मी आधी त्यांना बसायला खुर्ची देते. सहीचे नंतर पाहते.