संदेश पोहोचतो, फॉर्म मागे राहतो

कार्यालयाने आपल्या गरजेप्रमाणे तयार केलेला ई-मेलचा किंवा दिनदर्शिकेचा फॉर्म, म्हणजे नेहमीच्या नमुन्यात आपले जादा रकाने घालून केलेला नमुना, संदेशाबरोबर समोरच्या संगणकावर पोहोचतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती अशी की, आउटलुकमध्ये घडवलेल्या फॉर्मची मांडणी तो ज्या संगणकावर किंवा सर्व्हरवर प्रकाशित केला असेल तेथेच राहते, आणि संदेशासोबत रकान्यांतील मजकूर व फॉर्मचे केवळ नाव जाते. मोहोळच्या पंचायत समितीतून ‘गाव’ आणि ‘ठराव क्रमांक’ असे जादा रकाने असलेली सभेची सूचना कुरुल किंवा पेनूरच्या ग्रामपंचायतीला गेली असे समजले, तर तेथील आउटलुक त्या नावाचा फॉर्म आपल्याकडे शोधते आणि तो न सापडल्यास साधा संदेश उघडते. मग ते दोन्ही रकाने दिसतच नाहीत.

मांडणीही संदेशाला जोडून पाठवण्याची सोय आहे. परंतु अशा जोडलेल्या फॉर्ममधील स्क्रिप्ट, म्हणजे बेरीज करणाऱ्या किंवा रकाने तपासणाऱ्या आज्ञा, सुरक्षिततेसाठी चालू दिल्या जात नाहीत, आणि सप्टेंबर २०१७ च्या सुधारणेपासून तर प्रकाशित फॉर्ममधील स्क्रिप्टही मुळात बंदच असते. शिवाय हे सारे विंडोजवरील जुन्या आउटलुकपुरते आहे. मॅकवरील, ब्राउझरमधील, मोबाइलवरील आणि विंडोजवरील नवे आउटलुक ही नावाने एक असली तरी घडणीने वेगळी असल्यामुळे असे फॉर्म त्यांत चालत नाहीत, ही गोष्ट संगणक खरेदीपूर्वीच लक्षात घ्यायला हवी.

‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल आली की ती व्हायरस समजून पुसून टाकली जाते. वास्तविक ती आउटलुकने रिच टेक्स्ट प्रकारातील संदेशाभोवती घातलेले वेष्टन असते, आणि सोबत जोडलेली विषयपत्रिकाही पुष्कळदा तिच्यातच अडकलेली असते. पाठवणाऱ्याने संदेश एचटीएमएल किंवा साध्या मजकुराच्या प्रकारात पाठवला, तर हा प्रश्न उरत नाही.

दिनदर्शिकेच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे, कारण येथे आयकॅलेंडर हे सर्वमान्य मानक १९९८ पासून आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सभेचा विषय, वेळ, ठिकाण आणि निमंत्रित ही माहिती त्यामुळे गूगल, ॲपल किंवा आउटलुक अशा कोणत्याही दिनदर्शिकेत उतरते. मात्र मानक आहे म्हणून आपला जादा रकानाही सगळीकडे दिसेल, असे मानणे चूक ठरते. ‘एक्स’ने सुरू होणारे खासगी गुणधर्म मानकाला मान्य असले, तरी समोरच्या प्रणालीला ते दुर्लक्षिण्याची मुभा आहे.

सूचनेतील मराठी अक्षरे बिघडली की मराठीला संगणकाचा आधार नाही, असे म्हटले जाते. आयकॅलेंडर मूलतः यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत लिहिले जाते, आणि युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. बिघाडाचे खरे कारण पुष्कळदा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हे असते, जो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उघडतो. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. आयकॅलेंडरची ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी, असा संकेत आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने ‘मोहोळ’ एवढा लहान शब्दही, दोन ओकार धरून, १५ बाइट घेतो. साहजिकच मराठी ओळ लवकर मोडावी लागते, आणि कच्च्या प्रणालीने ती नेमकी चिन्हाच्या मध्यावर मोडली तर तेथे अक्षराऐवजी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटू शकते. दोष भाषेचा नसून ओळ मोडणाऱ्या प्रणालीचा असतो, आणि मानकाच्या लेखातच या धोक्याची नोंद आहे.

म्हणून गाव आणि ठराव क्रमांक जादा रकान्यात न ठेवता सूचनेच्या ‘वर्णन’ या मानक रकान्यात युनिकोडमध्ये लिहावेत, आणि उत्तरे भरून हवी असतील तर वेब-फॉर्मचा दुवा त्याच वर्णनात द्यावा. तो फॉर्म ब्राउझरच उघडतो, त्यामुळे समोर विंडोज आहे की अँड्रॉइड, याने फरक पडत नाही.